संगणकाची रोजकीर्द



तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं दुकान आहे त्यांस रोजकीर्द म्हणजे काय हें सांगावयास नकोच. सकाळीं दुकानाची फळी उघडल्यापासून रात्रीं कुलूप लागेपर्यंत जें जें आलें व जें जें गेलें, तें तें ज्या क्रमानें घडलें त्याच क्रमानें जींत लिहिलें जातें ती कीर्द. शाळेंतील हजेरीपट, कचेरींतील आवक-जावक बारनिशी, रेल्वे-स्टेशनांतील गाड्यांची नोंदवही हीं सर्व त्याच कुळांतलीं. माणसाची स्मृति फसवी असते. म्हणून शहाणी माणसें कामाच्या वेळींच काम लिहून ठेवितात.

अशीच एक कीर्द संगणकही ठेवीत असतो. पुष्कळांस तो ती ठेवितो याची वार्ताही नसते. कित्येकांस वार्ता असते, पण ती वाचावी कशी हें ठाऊक नसतें. आणि वाचतां येणाऱ्यांपैकींही थोड्यांसच तिच्यावर विश्वास किती टाकावा हें उमगलेलें असतें. प्रस्तुत लेखांत या तीनही गोष्टी यथाक्रम सांगण्याचा आमचा विचार आहे. तिसऱ्या गोष्टीविषयीं गेल्या वर्षीं आमच्याच संगणक-प्रयोगशाळेंत आम्हांस जो धडा मिळाला, तो आमच्या कमीपणाचा असला तरी लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

अनेकांचा एक संगणक

तुमच्या घरचा संगणक किंवा वडिलांच्या खिशांतील फोन हा बहुधा एकाच माणसाचा असतो. आरंभीं मात्र संगणक इतका महाग व अवजड असे कीं, एकट्यानें तो वापरणें ही चैन कोणासच परवडत नसे. एक मनुष्य विचार करीत बसला म्हणजे तेवढा वेळ तें बहुमोल यंत्र रिकामें राही. यावर उपाय म्हणून एकाच यंत्राचा वेळ अनेकांत अत्यंत बारीक तुकड्यांनीं वांटून देण्याची युक्ति निघाली. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत तिचें प्रात्यक्षिक झालें. पुढें १९६९ सालीं बेल लॅबोरेटरीज येथील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ या प्रणालीस आरंभ केला. आणि तिच्याच धर्तीवर १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’चा पाया घातला. आमच्या प्रयोगशाळेंतील मध्यवर्ती संगणक याच लिनक्सवर चालतो. मुलें आपापल्या जागेवरच्या लहान संगणकावरून त्यास जोडलीं जातात, व एकाच वेळीं चाळीस मुलें त्या एका यंत्राकडून काम करून घेतात.

अशा संगणकाची रचना चाळीसारखी समजावी. इमारत एक, जिना एक, नळ एक. पण प्रत्येकाची खोली निराळी व किल्ली निराळी. येथें खोली म्हणजे ज्याचें त्याचें फोल्डर आणि किल्ली म्हणजे पासवर्ड. चाळीच्या मालकापाशीं जशी सर्व खोल्यांची किल्ली असते, तशी येथें ‘रूट’ नांवाच्या वापरकर्त्यापाशीं असते. तो अधिकार शाळेनें आम्हांकडे सोपविला आहे.

पहिली कीर्द : ‘हिस्टरी’

लिनक्सला काम सांगावयाचें तें लेखी आज्ञांनीं. आपण आज्ञा टंकतों; ‘शेल’ नांवाचा कार्यक्रम ती वाचतो, समजून घेतो व अमलांत आणतो. पहिल्यापहिल्या शेलांस आज्ञा झाली कीं तिचा विसर पडे. लांबलचक आज्ञेंत एक अक्षर चुकलें तर सगळी पुन्हां टंकावी लागे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत बिल जॉय या विद्यार्थ्यानें ‘सी शेल’ रचला. त्यांत मागील आज्ञा स्मरणांत ठेवून पुन्हां बोलावण्याची सोय होती. १९८३ सालीं जाहीर झालेल्या डेव्हिड कॉर्न यांच्या शेलांत, आणि १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेल्या ‘बॅश’ या शेलांत ती सोय अधिक सुधारली. आपल्या वर्गांत आपण वापरतों तो हाच बॅश.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ही नोंद निघाली ती कोणावर पाळत ठेवण्यासाठीं नव्हे. टंकणाऱ्याचे श्रम वांचावे एवढ्याचसाठीं. कोणतीही वही ज्या हेतूनें उघडलेली असते त्या हेतूपुरतीच ती पुरी पडते. परटाच्या हिशोबाच्या वहीवरून घरांत लुगडीं किती हें सांगतां येत नाहीं; धुण्यास किती गेलीं एवढेंच सांगतां येतें. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या एका वाक्यांत आहे.

आतां ती पाहावी कशी तें सांगतों. (आज्ञा यंत्रावर रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात, येथें त्या उच्चाराप्रमाणें देवनागरींत दिल्या आहेत.)

१. ‘हिस्टरी’ एवढाच शब्द टंकून एंटर कळ दाबली असतां तुम्हीं आजवर दिलेल्या आज्ञा अनुक्रमांकांसह पडद्यावर उमटतात. सर्वांत जुनी वर, सर्वांत नवी खालीं. शब्दापुढें २० हा आंकडा लिहिला तर शेवटच्या वीसच दिसतात.

२. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबावी, म्हणजे मागची एकेक आज्ञा परत समोर येते. ती सुधारून पुन्हां देतां येते.

३. कंट्रोल कळ दाबून धरून ‘आर्’ हें अक्षर दाबावें व आठवत असलेले दोनचार वर्ण टंकावे. ते वर्ण ज्या आज्ञेंत असतील ती शोधून निघते.

४. दोन उद्गारचिन्हें टंकलीं असतां शेवटची आज्ञा, आणि एक उद्गारचिन्ह व अनुक्रमांक टंकला असतां त्या क्रमांकाची आज्ञा पुन्हां अमलांत येते. ही सोय जपून वापरावी. कारण क्रमांक चुकला तर भलतीच आज्ञा कांहीं न विचारतां पार पडते, आणि ती पुसून टाकण्याची आज्ञा निघाली तर पश्चात्तापावांचून हातीं कांहीं उरत नाहीं.

ही कीर्द राहते कोठें? प्रत्येकाच्या स्वतःच्या फोल्डरांत ‘बॅश हिस्टरी’ नांवाची एक फाइल असते. तिच्या नांवाच्या आरंभीं टिंब असतें, व टिंबानें आरंभ होणाऱ्या फायली साध्या यादींत दिसत नाहींत. ‘एल्-एस्’ या आज्ञेस आडवी रेघ व ‘ए’ हें अक्षर जोडलें म्हणजे दिसतात. ती फाइल एकाची दुसऱ्यास वाचतां येत नाहीं. रूटला मात्र सर्वांच्या वाचतां येतात.

या कीर्दींतील उणिवा

आतां परटाची वही आठवा. पहिली उणीव : या फायलीस मर्यादा आहे. बॅश मुळांत ५०० आज्ञा स्मरतो. उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत नव्या वापरकर्त्यास ही मर्यादा स्मरणापुरती १००० व फायलीपुरती २००० अशी नेमून दिलेली असते. त्यापलीकडच्या जुन्या आज्ञा गळून पडतात.

दुसरी : नोंद फायलींत जाते ती सामान्यतः काम आटोपून शेल बंद करतांना. मध्येंच वीज गेली तर त्या बैठकीची नोंद बुडाली. एकाच नांवानें दोन शेल उघडले असतील व नोंद मागील नोंदीस जोडण्याची सूचना दिलेली नसेल, तर शेवटीं बंद होणारा शेल आधींच्याची नोंद पुसून आपली लिहितो.

तिसरी : मुळच्या व्यवस्थेंत आज्ञेचा क्रम लिहिला जातो, वेळ लिहिली जात नाहीं. वेळ हवी असल्यास तशी सूचना आधीं देऊन ठेवावी लागते. आणि ती दिल्यापूर्वींच्या आज्ञांची वेळ कधींच कळत नाहीं.

चौथी : फाइल ज्याची त्याच्या हातीं असल्यामुळें तो तींतील ओळी खोडूं शकतो, किंवा सगळी फाइल पुसूं शकतो. उबंटूच्या नेहमींच्या व्यवस्थेंत तर आज्ञेपूर्वीं एक मोकळी जागा सोडली तरी ती आज्ञा नोंदली जात नाहीं. म्हणून नोंद नाहीं यावरून कृति घडली नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

पांचवी, आणि सर्वांत मोठी : ही कीर्द नांव ओळखते, माणूस ओळखीत नाहीं. ज्या नांवानें दार उघडलें त्या नांवावर सर्व कांहीं मांडलें जातें. कळांवर बोटें कोणाचीं होतीं हें तिला दिसत नाहीं.

दुसरी कीर्द : ‘अकाउंटिंग’

पूर्वीं संगणकाचा वेळ विकत मिळे. कोणीं किती वापरला त्याप्रमाणें बिल होई. त्या हिशोबासाठीं युनिक्समध्यें दुसरीही एक नोंद ठेवण्याची सोय झाली. ही नोंद शेल ठेवीत नाहीं, प्रणालीचा गाभाच ठेवितो. व ती फाइल सामान्य वापरकर्त्यास बदलतां येत नाहीं. लिनक्समध्यें ही सोय वेगळी चालू करावी लागते. मग ‘लास्टकॉम’ ही आज्ञा दिली असतां कोणता कार्यक्रम, कोणाच्या नांवानें, कोणत्या टर्मिनलावरून, केव्हां सुरू झाला हें ओळीनें दिसतें. ‘लास्ट’ ही आज्ञा कोण केव्हां आंत आला, कोठून आला व केव्हां बाहेर गेला हें सांगते. आणि ‘हू’ ही आज्ञा या क्षणीं आंत कोण कोण आहे तें सांगते.

तथापि हीही कीर्द सर्वज्ञ नाहीं. ती कार्यक्रमाचें नांव लिहिते, त्यास काय सांगितलें तें लिहीत नाहीं. ‘आर्-एम्’ म्हणजे पुसण्याची आज्ञा झाली हें तिच्यावरून कळेल. काय पुसलें तें कळणार नाहीं. शिवाय कार्यक्रम संपल्यावरच ही नोंद होते, म्हणून जो अजून चालू आहे त्याचा तींत पत्ता नसतो. म्हणजे पहिली कीर्द ‘काय’ सांगते पण ‘केव्हां’ सांगत नाहीं. दुसरी ‘केव्हां’ सांगते पण ‘काय’ सांगत नाहीं. दोन्ही शेजारीं ठेवून वाचाव्या तेव्हां कोठें अर्थ लागतो. याहून कडक अशी ‘ऑडिट’ नांवाची तिसरी व्यवस्था लिनक्समध्यें आहे. तींत सबंध आज्ञा लिहून ठेवितां येते, व मनुष्यानें आंत आल्यावर दुसऱ्याचें नांव धारण केलें तरी मूळचें नांव सुटत नाहीं. परंतु तीही नांवच जाणते, बोटें नव्हे.

पाऊण डॉलरची गोष्ट

नोंदी नीट वाचल्यानें काय होऊं शकतें याचें एक खरें उदाहरण सांगतों. १९८६ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत क्लिफर्ड स्टोल नांवाचे एक खगोलशास्त्रज्ञ संगणक-विभागांत नुकतेच कामास लागले होते. तेथें संगणकाच्या वेळेचा हिशोब दोन निराळे कार्यक्रम ठेवीत; त्या दोहोंत ७५ सेंटांचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, मेळ बसेना. एवढ्याशा रकमेसाठीं कोण डोकें शिणवील? पण स्टोल यांनीं शिणविलें. शोधतां शोधतां ‘हंटर’ या नांवाचें एक खातें निघालें. त्यास बिल पाठविण्याचा पत्ताच नव्हता. कोणी परका मनुष्य आंत येऊन वावरत होता.

स्टोल यांनीं त्यास लगेच हांकून दिलें नाहीं. बाहेरून येणाऱ्या सुमारें ५० मार्गांवर त्यांनीं छापणारीं यंत्रें व टर्मिनलें जोडलीं, आणि तो परका जी जी कळ दाबील ती ती कागदावर उमटेल असें केलें. ही नोंद संगणकाबाहेर असल्यामुळें चोराच्या दृष्टीसही पडेना व त्याला पुसतांही येईना. शिवाय स्वतः काय केलें व काय पाहिलें हें ते आपल्या वहींत लिहून ठेवीत.

त्या कागदांवरील एका आज्ञेची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. आंत कोणकोणते कार्यक्रम चालू आहेत हें पाहण्यासाठीं त्या परक्यानें ‘पी-एस्’ ही आज्ञा दिली, व तिला जोडलेल्या अक्षरांत ‘एफ्’ हें अक्षर होतें. बर्कलीच्या युनिक्समध्यें या आज्ञेस तें अक्षर लागत नसे. ए-टी-अँड-टी कंपनीच्या युनिक्समध्यें लागे. यावरून स्टोल यांच्या एका सहकाऱ्यानें ताडलें कीं, हा मनुष्य बर्कलीच्या वातावरणांत शिकलेला नाहीं. कोकणांतला मनुष्य दोन वाक्यें बोलला कीं देशावरच्यास जसें त्याचें गांव कळतें, तसें एका अक्षरावरून हें कळलें. बर्कलीच्या विद्यार्थ्यांवर संशय घेणें सोपें होतें. त्या एका अक्षरानें तो संशय दुबळा केला.

पुढें सुमारें वर्षभर पाठलाग होऊन माग जर्मनींतील हॅनोवर शहरापर्यंत गेला. तेथील मार्कुस हेस नांवाचा तरुण सुमारें ४५० संगणकांची दारें ठोठावून ३० हून अधिकांत शिरला होता. व त्याची मंडळी मिळालेली माहिती सोव्हिएट रशियाच्या के. जी. बी. या हेरखात्यास विकीत होती. १९९० सालीं जर्मन न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. हें सर्व पाऊण डॉलरच्या विसंगतीवरून बाहेर आलें.

आमच्या शाळेंतील गोष्ट

ही हकीकत आम्ही दरवर्षीं वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगत आलों. परंतु सांगणें निराळें व वागणें निराळें.

गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनास पांच दिवस उरले असतां दहावीच्या मुलांचें सबंध ‘प्रदर्शन’ फोल्डर नाहींसें झालें. पांच मुलांचे दोन महिन्यांचे श्रम त्यांत होते, व तें त्यांच्यापैकीं एका मुलाच्या खात्यांत ठेविलेलें होतें. या मुलाचें आदल्याच आठवड्यांत आपल्या सोबत्यांशीं कडाक्याचें भांडण झालें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं रूटच्या अधिकारानें त्याची हिस्टरी उघडली. शेवटून सहाव्या ओळींत ‘आर्-एम्’ ही आज्ञा व तिच्यापुढें ‘प्रदर्शन’ हें नांव स्पष्ट दिसलें. आम्हीं फाइल मिटली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें आम्हांस वाटलें.

मुलास बोलावलें. तो म्हणाला, “सर, मीं नाहीं पुसलें.” आम्हीं कागद दाखविला. तो कागदाकडे पाहत राहिला व पुन्हां तेंच म्हणाला. त्याचें हें बोलणें आम्हांस कोडगेपणाचें वाटलें. प्रदर्शनांतून त्याचें नांव काढण्याचें आम्हीं ठरविलें, आणि वडिलांस चिठ्ठी पाठविली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडील आले. हमालीचें काम करणारा साधा मनुष्य; खुर्चीवर बसावयास सांगितलें तरी ते उभेच राहिले. म्हणाले, “गुरुजी, पोरानं केलं असेल तर तुम्ही द्याल ती शिक्षा मला कबूल आहे. पण त्या मशिनीनं त्याला करताना पाहिलं का, एवढंच मला सांगा.”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जो प्रश्न आम्हीं वर्गांत शंभर वेळां शिकविला होता, तो या अशिक्षित म्हणविणाऱ्या गृहस्थांनीं आम्हांस विचारला होता. आम्हीं त्यांना तासभर थांबण्याची विनंति केली, व फाइल पुन्हां उघडली.

या खेपेस आम्हीं ती एक ओळ वाचून थांबलों नाहीं, पुढच्याही वाचल्या. पुसण्याच्या आज्ञेनंतर तिसऱ्याच ओळींत ‘पाढा’ नांवाची एक नवी फाइल लिहावयास घेतलेली होती. सातांचा पाढा छापणारा लहानसा कार्यक्रम! दहावीचा मुलगा हा कशाला लिहील? तो अभ्यास आम्हींच त्या दिवशीं आठवीच्या वर्गास दिला होता. मग आम्हीं लास्टकॉम पाहिलें : पुसण्याची आज्ञा ३ वाजून ३१ मिनिटांनीं. ‘लास्ट’ पाहिलें : त्या मुलाच्या नांवाची बैठक २ वाजून १० मिनिटांनीं सातव्या जागेवरून सुरू होऊन ३-४५ ला संपलेली. मग ज्या वहीस वीज लागत नाहीं ती मागविली, ती म्हणजे कवाईतीच्या शिक्षकांचा हजेरीपट. ३ ते ४ या तासास हा मुलगा मैदानावर हजर होता. त्याच्या नांवापुढें लाल शाईची खूण होती.

सातव्या जागेवर आठवीची एक मुलगी बसली होती. तिला बोलावून फक्त एवढेंच विचारलें कीं, कालचा पाढा पुरा झाला का? ती म्हणाली, “सर, काल पुरा केला होता, पण आज माझ्या फोल्डरांत तो सांपडतच नाहीं.” बिचारीस सांपडणार कसा? दहावीचा मुलगा ‘एक्झिट’ न करतां घाईनें कवाईतीस गेला. हिनें पडदा उघडा पाहिला, आपलाच पासवर्ड घालण्याचा त्रास वांचला असें समजून तशीच कामास बसली. आठवीच्या मुलांस जागा मोकळी करण्यासाठीं आपलें मागील वर्षाचें ‘प्रदर्शन’ फोल्डर पुसावयास आम्हींच सांगितलें होतें. त्या नांवाचें फोल्डर समोर दिसलें. तिनें आज्ञाधारकपणें पुसलें.

तेव्हां दोषी कोण? मुलानें दार उघडें टाकलें, मुलीनें दारावरचें नांव वाचलें नाहीं, आणि आम्हीं दोन वर्गांस एकाच नांवाचीं फोल्डरें करावयास लावून वर अर्धीच कीर्द वाचली. तिघांत वडील आम्ही. म्हणून मोठा वांटा आमचा. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची आमची तयारी झाली होती. आणि येथें तर चोरही कोणी नव्हता.

वडिलांची आम्हीं त्याच खोलींत क्षमा मागितली, व दुसऱ्या दिवशीं सकाळच्या प्रार्थनासभेंत सर्व शाळेसमोर त्या मुलाची मागितली. कारण संशयाची कुजबुज शाळाभर झाली होती, व ती शाळेसमोरच पुसली जाणें उचित होतें. मुलीचें नांव कोणास सांगितलें नाहीं. आठवड्याची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवलेली असते, तीवरून तीन दिवसांचें काम सोडून बाकी सर्व परत मिळालें. तीन दिवसांचें काम त्या पांच मुलांनीं दोन संध्याकाळीं एकत्र बसून पुन्हां केलें. भांडणही त्यांत मिटलें असावें, असें त्यांच्या हंसण्यावरून वाटलें.

विद्यार्थ्यांस चार शब्द

जागेवरून उठतांना ‘एक्झिट’ ही आज्ञा दिल्यावांचून उठूं नका. बसतांना पडद्यावर नांव कोणाचें आहे तें वाचा. संशय आल्यास ‘हू-अॅम-आय’ असे तीन शब्द जोडून टंका, यंत्र तुमचें नांव सांगेल. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं यादी पाहा. पासवर्ड आज्ञेच्या ओळींत कधीं लिहूं नका. तो कीर्दींत जसाच्या तसा उतरतो. चुकून लिहिलाच तर ती ओळ ‘हिस्टरी’ आज्ञेस आडवी रेघ, ‘डी’ व अनुक्रमांक जोडून खोडा, आणि पासवर्डही बदला. आपला पासवर्ड जिवलग मित्रासही देऊं नका. तो देणें म्हणजे आपल्या नांवानें सही करण्याचा अधिकार देणें होय.

पालकांस विनंति

आपल्या मुलांच्या फोनमध्यें व संगणकांतही अशाच नोंदी असतात, व त्या पाहण्याचा मोह आपणांस होणें स्वाभाविक आहे. पाहावयाच्या झाल्यास मुलास सांगून, त्याला शेजारीं बसवून पाहाव्या. घरांतला फोन चार जणांच्या हातांतून फिरतो. नोंद मात्र एकाच्याच नांवावर पडते. एका ओळीवरून निकाल देऊं नये. आधींची ओळ वाचावी, नंतरची वाचावी, दुसरी वही मागवावी, आणि सर्वांत शेवटीं नव्हे तर सर्वांत आधीं, मुलगा काय म्हणतो तें ऐकावें.

आतां आमच्या संगणकांत प्रत्येक आज्ञेपुढें वेळ नोंदली जाईल अशी व्यवस्था केली आहे; दहा मिनिटें कळ न दाबल्यास बैठक आपोआप बंद होते; व वर्गावर्गाच्या फोल्डरांचीं नांवें निरनिराळीं ठेविलीं आहेत. यंत्रांत करावयाची सुधारणा एवढीच होती, व ती एका दुपारीं झाली. आमच्या स्वतःमधील सुधारणेसाठीं तो हिस्टरीचा कागद आम्हीं आमच्या टेबलाच्या खणांत ठेविला आहे. त्या सहाव्या ओळीखालीं तांबड्या शाईनें रेघ ओढलेली आहे; ती आम्हींच ओढली होती. तिच्याखालच्या पांच ओळी मात्र कोऱ्या शाईवांचून तशाच आहेत. कोणावर ठपका ठेवण्याची वेळ आली म्हणजे तो कागद आम्ही बाहेर काढतों, आणि त्या पांच ओळी आधीं वाचतों.